हॉस्पिस सेवेचे गुणमूल्यमापन

आजार बरा होण्याची आशा संपल्यावर रुग्णाचा त्रास कमी करणारी आणि घरच्यांना आधार देणारी सेवा म्हणजे हॉस्पिस. ही सेवा देणारी संस्था आपले काम किती नीट करते, हे तपासण्याच्या रीतींना गुणमूल्यमापन म्हणतात. हॉस्पिस म्हणजे एखादी इमारत असतेच असे नाही. पुष्कळदा ही सेवा रुग्णाच्या घरीच दिली जाते. त्यामुळे तपासणाऱ्यासमोर वॉर्ड नसतो, राउंड नसतो. खरे काम बंद दाराआड होते, आणि तेही बऱ्याचदा रात्री.

रुग्णालयांना लावायच्या नेहमीच्या मोजपट्ट्या इथे निरुपयोगी ठरतात. हॉस्पिसमध्ये नोंदवलेले जवळजवळ सर्व रुग्ण दगावणारच असतात, म्हणून मृत्युदरावरून काही कळत नाही. आयुष्य किती वाढले हाही निकष नव्हे. अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेची गुणवत्ता रचना, प्रक्रिया आणि फलित अशा तीन अंगांनी पाहण्याची पद्धत मांडली. माणसे, औषधे, वाहने ही रचना. तपासणी, भेटी, औषधयोजना ही प्रक्रिया. आणि या सगळ्यातून रुग्णाला जे मिळाले ते फलित. हॉस्पिसच्या बाबतीत पहिली दोन अंगे मोजायला सोपी आणि तिसरे सर्वांत अवघड. म्हणूनच बहुतेक तपासण्या कर्मचारी, कागद आणि सह्या मोजून थांबतात. प्रत्यक्षात सर्वांत बोलका आकडा एकच असतो : रुग्णाने तक्रार केल्यापासून त्याला आराम पडेपर्यंत किती वेळ गेला.

तक्रार ते आराम

हा वेळ काढायचा तर संस्थेच्या एका महिन्याच्या फोन-नोंदी घ्याव्यात आणि प्रत्येक फोनसाठी चार घटनांच्या वेळा लिहून काढाव्यात : फोन आला कधी, औषधांबद्दल निर्णय घेऊ शकणारी व्यक्ती पहिल्यांदा बोलली कधी, गरज असल्यास कोणी घरी पोहोचले कधी, आणि त्रास कमी झाल्याची नोंद झाली कधी. चौथा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच सापडतो. औषध दिले हे लिहिलेले असते, त्याचा उपयोग झाला की नाही हे कोणी विचारलेले नसते. अशी नोंद अपुरी नव्हे, तर सेवाच अपुरी मानावी. तोंडावाटे दिलेल्या साध्या मॉर्फिनचा परिणाम साधारण तासाभरात कळतो, तेवढ्यात एक फोन करणे कोणालाही शक्य असते.

सरासरी वेळेवर विसंबू नये. दिवसाचे दहा फोन पंधरा मिनिटांत मिटले आणि रात्रीचा एक सहा तास लोंबकळला, तर सरासरी सुसह्य दिसते. मध्यक (सर्व वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि सर्वांत वाईट दहावा हिस्सा वेगळा पाहावा. रात्री, शनिवार-रविवार आणि सणासुदीचे दिवस वेगळे काढावेत. ‘चोवीस तास सेवा’ या शब्दांमागे काय आहे, तेही तपासावे. रात्री फोन उचलणाऱ्याच्या समोर रुग्णाची फाइल उघडी असते, की निरोप घेऊन ‘सकाळी नर्सताई येतील’ असे सांगितले जाते? दोन्ही संस्था माहितीपत्रकात एकच वाक्य छापतात.

आराम मोजण्यासाठी प्रमाणित पट्ट्या आहेत. १९९१ साली मांडलेल्या एडमंटन लक्षण-मापन पद्धतीत वेदना, थकवा, मळमळ, धाप, चिंता वगैरे त्रासांना ० ते १० असे गुण रुग्ण स्वतः देतो. आयपॉस ही प्रश्नावली आणखी पुढे जाऊन मनःशांती, घरच्यांची काळजी आणि मिळालेली माहिती यांबद्दलही विचारते. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक दुःख एकमेकांत गुंतलेले असते, ही त्यांची ‘समग्र वेदना’ची कल्पना लक्षात घेतली तर केवळ वेदनेचा आकडा पुरत नाही हे उघड आहे. बोलू न शकणाऱ्या रुग्णाचा चेहरा, श्वास, कण्हणे आणि अंगाची ताठरता पाहून गुण द्यावे लागतात. तिथे ‘वेदना : ०’ असे लिहिलेले दिसले, तर ते कशावरून ठरवले हे विचारावे.

एक सोपी चाचणी अशी : दाखल होताना वेदनेमुळे अस्वस्थ आहे असे ज्यांनी सांगितले, त्यांपैकी किती जणांनी ४८ तासांच्या आत ती सुसह्य झाल्याचे सांगितले? यात एक खाच आहे. त्या ४८ तासांत जे दगावतात किंवा बोलेनासे होतात ते हिशेबातून गळतात, आणि नेमके तेच सर्वांत त्रासात असतात. गळालेल्यांची संख्या सोबत मागितल्याशिवाय टक्केवारी मान्य करू नये.

औषधांचा तक्ता काय सांगतो

अनुभवी तपासनीस माहितीपत्रकाआधी औषधांचा तक्ता मागतो. नियमित मॉर्फिन चालू असेल तर मध्येच उसळणाऱ्या वेदनेसाठी जादा डोस लिहिलेला असलाच पाहिजे. तो सहसा चोवीस तासांच्या एकूण मात्रेच्या सहाव्या भागाइतका धरतात. दिवसाला ६० मिलिग्रॅम घेणाऱ्याला १० मिलिग्रॅम. जादा डोस दिवसाला चार-पाच वेळा लागतो आहे आणि दोन-तीन दिवस नियमित मात्रा तशीच आहे, याचा अर्थ तक्ता भरला जातो पण वाचला जात नाही. मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचे औषध सुरू केलेले नसणे ही दुसरी खूण. बद्धकोष्ठ हा मॉर्फिनचा जवळजवळ ठरलेला परिणाम आहे आणि तो वेळ जाईल तसा आपोआप ओसरत नाही. पोटाच्या त्या दुखण्यावर पुन्हा मॉर्फिनच वाढवले गेले की चक्र पुरे होते.

मूत्रपिंडे निकामी होत असतील तर मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे घटक साठतात. अंगाला झटके येऊ लागतात, रुग्ण गुंगीत किंवा भ्रमात जातो. अशा वेळी मात्रा घटवणे, अंतर वाढवणे किंवा फेंटॅनिलसारख्या दुसऱ्या औषधाकडे वळणे अपेक्षित असते. ‘शेवट जवळ आला’ म्हणून हे झटके सोडून दिले जात असतील, तर ती गंभीर उणीव आहे. गिळता येईनासे झाल्यावर औषध त्वचेखाली देण्याची सोय होते का, आणि तेव्हा मात्रा बदलली जाते का, हेही पाहावे. तोंडावाटे घेण्याच्या मॉर्फिनच्या साधारण निम्मी मात्रा त्वचेखाली पुरते. तीच मात्रा तशीच पुढे नेणे म्हणजे दुप्पट डोस.

अखेरच्या दिवसांत लागणारी औषधे आधीच एका पेटीत भरून घरात ठेवण्याची पद्धत आहे : वेदना आणि धापेसाठी मॉर्फिन, तगमगीसाठी मिडाझोलाम, मळमळीसाठी हॅलोपेरिडॉल, घशातील घरघरीसाठी ग्लायकोपायरोनियम किंवा हायोसिन. ही पेटी बहुधा औषधांमुळे अडत नाही. सिरिंज नसते, डॉक्टरांच्या सहीचा आदेश नसतो, किंवा ती उघडून देण्याचा अधिकार कोणाला हे ठरलेले नसते. पेटी घरात कधी आली आणि पहिल्यांदा कधी लागली, या दोन तारखा शेजारी ठेवल्या की संस्था किती पुढचे पाहते ते कळते.

अखेरचे तीन दिवस

अमेरिकेच्या मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठी असलेल्या सरकारी आरोग्यविमा योजनेत एक निकष असा आहे : आयुष्याच्या शेवटच्या तीन दिवसांपैकी किमान दोन दिवस नोंदणीकृत परिचारिका किंवा वैद्यकीय समाजसेवक प्रत्यक्ष येऊन गेले का? फोन यात धरला जात नाही. निकष साधा असला तरी त्याच्या पोटात दोन कौशल्ये आहेत. अंत जवळ आल्याचे ओळखणे, म्हणजे गिळणे थांबणे, लघवी कमी होणे, श्वासात खंड पडणे, हातपाय गार पडून त्वचेवर ठिपकेदार निळसर छटा येणे ही चिन्हे वेळेवर टिपणे. आणि ती टिपल्यावर वेळापत्रक मोडून माणूस पाठवणे. आठवड्याला दोन भेटी ठरल्या आहेत म्हणून शेवटच्या आठवड्यातही दोनच, असे दिसले तर तिथे रुग्णाची गरज नव्हे, कॅलेंडर चालते.

घरच्यांना आधी काय सांगितले होते हेही तपासायचे असते. घशातील घरघर ऐकून ‘गुदमरतोय’ असे वाटून रुग्णवाहिका बोलावली गेली, तर दोष कुटुंबाचा नव्हे. मृत्यू कुठे व्हावा याबद्दल रुग्णाची इच्छा नोंदवलेली असावी, ती बदलल्यास बदल नोंदवलेला असावा. मात्र घरी झालेल्या मृत्यूंच्या टक्केवारीचे लक्ष्य ठेवणे घातक आहे. थकलेल्या कुटुंबाने दाखल करून घ्यायची विनंती केली की संस्थेला आपला आकडा बिघडताना दिसू लागतो.

लक्ष्ये आणि चौकटी कशा उलटतात याचे ठळक उदाहरण ब्रिटनमधील लिव्हरपूल केअर पाथवेचे आहे. हॉस्पिसमधली चांगली काळजी सामान्य रुग्णालयांत नेण्यासाठी ही पद्धत आखली होती. पण पुष्कळ ठिकाणी ती विचार न करता भरायची यादी बनली. पाणी देणे थांबवले, घरच्यांना विचारले नाही अशा तक्रारी वाढल्या. ज्युलिया न्यूबर्गर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. पद्धत योग्य रीतीने वापरली गेली तिथे ती उपयोगी पडली होती, हेही त्याच समितीने नोंदवले.

नियामकांच्या पद्धती

मेडिकेअरच्या नियमांनुसार सेवा स्वीकारल्यापासून ४८ तासांत पहिली तपासणी, ५ दिवसांत सर्वांगीण तपासणी, आणि किमान दर १५ दिवसांनी संपूर्ण पथकाने योजनेचा फेरविचार करायचा असतो. स्वयंसेवकांचे काम रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या किमान ५ टक्के हवे. इंग्लंडमधील केअर क्वालिटी कमिशनने आपली तपासणी पाच प्रश्नांवर उभारली : सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, गरजेला धावून जाणारी आहे का आणि तिचे नेतृत्व नीट आहे का. ऑस्ट्रेलियात २००५ पासून चालू असलेला पीकॉक हा उपक्रम थेट फलित मोजतो. रुग्णाची ‘अस्थिर’ अवस्था, म्हणजे त्रास अचानक वाढून योजना तातडीने बदलावी लागणारी अवस्था, तीन दिवसांत आटोक्यात येण्याचे प्रमाण ९० टक्के असावे, असा त्याचा एक मानदंड आहे. या तिघांत तो सर्वांत मुद्द्याचा.

पैसे कसे मिळतात याचाही गुणवत्तेशी संबंध असतो. दिवसाच्या ठरावीक दराने मोबदला मिळत असेल तर न दिलेली भेट ही बचत ठरते, आणि महिनोन्महिने स्थिर राहणारा, फारशा भेटी न लागणारा रुग्ण फायद्याचा ठरतो. मेडिकेअरने २०१६ पासून पहिल्या ६० दिवसांना जास्त दर, त्यानंतर कमी दर आणि शेवटच्या सात दिवसांतील भेटींना जादा रक्कम अशी रचना केली ती यासाठीच.

हॉस्पिसने जिवंतपणी सोडलेल्या रुग्णांचे प्रमाण म्हणूनच तपासले जाते. काही जण खरोखर सुधारतात, काही गाव बदलतात, काहींना पुन्हा उपचार घ्यावेसे वाटतात. पण रुग्ण सोडला, तो लगेच रुग्णालयात दाखल झाला आणि तिथून परत याच हॉस्पिसमध्ये आला, असा नमुना वारंवार दिसला तर महागडा टप्पा दुसऱ्यावर ढकलल्याचा संशय घ्यावा लागतो. हे प्रमाण अगदी शून्य असणेही चांगले लक्षण नाही. पात्रतेचा फेरविचारच होत नसावा.

कुटुंबाचे मत

मृत्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी निकटच्या नातेवाइकाला प्रश्नावली पाठवणे ही रूढ पद्धत आहे. उत्तरे बहुधा उदार येतात. कठीण काळात जो कोणी दाराशी आला त्याबद्दल कृतज्ञता असते, आणि चांगल्या सेवेची तुलना करायला दुसरा अनुभव नसतो. ‘समाधानी आहात का’ यापेक्षा ‘रात्री मदत मागितली तेव्हा किती वेळाने मिळाली’, ‘औषध कसे द्यायचे ते कोणी करून दाखवले का’, ‘दोन कर्मचाऱ्यांनी वेगवेगळे सांगितले असे झाले का’ हे प्रश्न कामाचे. ज्यांना कोणीच नव्हते अशा रुग्णांची बाजू या पद्धतीत कधीच येत नाही. त्यांच्या फाइली स्वतंत्रपणे वाचाव्या लागतात.

छोट्या संस्थांच्या बाबतीत टक्केवारी फसवते. वर्षाला ४० मृत्यू असतील तर एक रुग्ण म्हणजे अडीच टक्के; एका वाईट रात्रीने आकडा घसरतो आणि एका नशीबवान महिन्याने सुधारतो. तिथे प्रत्येक मृत्यूनंतर पथकाने एकत्र बसून फाइल पाहणे जास्त खात्रीचे. शेवटच्या आठवड्यात कोणता त्रास आटोक्यात आला नाही, तो पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आला, आणि तेव्हापासून औषध बदलेपर्यंत मध्ये काय अडले, हे लिहून ठेवले जाते. ही बैठक नियमित होते का, आणि मागच्या बैठकीनंतर नेमके काय बदलले, हे दोन प्रश्न विचारायला परवान्याची गरज नाही; रुग्णाचे नातेवाईकही संस्था निवडताना ते विचारू शकतात.