रोजच्या रस्त्याला किती अश्वशक्ती लागते?

मोटरसायकल घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि दुसरा ‘किती सीसीची?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण शोरूममधल्या कागदावरचं उत्तर आपल्या रस्त्यासाठी लिहिलेलं नसतं. पुण्याकडचंच बघा: सासवडहून दिवे घाट उतरून हडपसरला कामाला येणारा, कोथरूडहून डेक्कनच्या बँकेत जाणारी आणि वाकडहून चाकणला शिफ्ट गाठणारा, हे तिघंही रोज गाडीवरच जातात, पण तिघांच्या इंजिनाला पडणारं काम अगदी वेगळं असतं. म्हणून गाडी निवडताना सुरुवात या कामाच्या हिशोबापासून करावी. हा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्रात बसतो आणि त्याची उत्तरं बऱ्याच जणांना चकित करतात.

स्प्लेंडर प्लससारखी 100 सीसी वर्गातली, 112 किलोची गाडी आणि तिच्यावर 70 किलोचा माणूस, म्हणजे एकूण 182 किलो. सपाट रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने ही जोडी चालली आहे असं धरा. तिला अडवणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन. एक म्हणजे टायर दबत-सुटत फिरताना होणारा विरोध, तो सुमारे 27 न्यूटन. दुसरी म्हणजे हवा. सरळ बसलेल्या माणसाचा आणि गाडीचा आकार धरला तर या वेगाला हवेचा विरोध 60 ते 65 न्यूटन भरतो. बेरीज साधारण 90 न्यूटन. याला वेगाने गुणलं की सव्वा किलोवॉट येतात. चेन आणि गिअरमध्ये जाणारा वाटा मिळवला तरी दीड किलोवॉटच्या आत, म्हणजे जेमतेम दोन अश्वशक्ती.

या गाडीच्या इंजिनाची कमाल ताकद आठ अश्वशक्ती आहे. म्हणजे शहरात सरळ चालताना तिची पाव ताकदच वापरली जाते. मग 20 अश्वशक्तीची गाडी त्याच रस्त्यावर काय करत असेल याचा अंदाज बांधता येतो.

वेग वाढला की मात्र चित्र झपाट्याने पालटतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाने. ताशी 80 ला याच गाडीला साडेपाच ते सहा अश्वशक्ती लागतात आणि 100 ला दहाच्याही पुढे. आठ अश्वशक्तीची गाडी नव्वदीच्या आसपास थकते ती याच कारणाने. त्यात मेकॅनिकचा किंवा कंपनीचा काही दोष नसतो. ज्याचा रोजचा रस्ता मुंबई-बंगळूर महामार्गावरून जातो, शेजारून ट्रक सुसाट निघून जातात आणि ज्याला 75-80 चा वेग धरूनही हाताशी थोडी ताकद राखावी लागते, त्याने 100 सीसी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे 150 सीसी म्हणजे चैन म्हणता येणार नाही, ती सुरक्षिततेची गरज आहे.

आता ॲव्हरेजकडे येऊ. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली चाकापर्यंत पोचते ती साधारण पाचवा हिस्सा, फार तर पाव. बाकीची सायलेन्सरमधून आणि इंजिनाभोवतीच्या धातूच्या पट्ट्यांवरून (फिन्सवरून) उष्णता बनून निघून जाते. वरच्या दीड किलोवॉटच्या हिशोबाने ताशी 50 ला एक किलोमीटर जायला 15 मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, म्हणजे लिटरला 65 किलोमीटर. 100 सीसीच्या गाड्या मोकळ्या रस्त्यावर खरोखरच याच्या जवळपास देतात.

मग मोठं इंजिन तेवढंच काम जास्त पेट्रोल पिऊन का करतं? काम तर दोन अश्वशक्तीचंच आहे. कारण आहे थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघड-मिट होणाऱ्या, झडपेत. पेट्रोल इंजिनाची ताकद कमी करायची तर आत येणारी हवा अडवावी लागते. 350 सीसीच्या इंजिनाकडून दोनच अश्वशक्ती मागितल्या की झडप जवळजवळ बंद असते आणि पिस्टन खाली जाताना त्या फटीतून हवा ओढत राहतो. नाक दाबून पळायला लावल्यासारखी त्याची गत होते. श्वास घेण्यातच शक्ती जाते, शिवाय मोठ्या भागांचं घर्षण वेगळंच. छोट्या इंजिनाची झडप याच कामासाठी बरीच उघडी असते, ते आपल्या सोयीच्या भाराखाली चालतं आणि पेट्रोलचा जास्त वाटा कामी लावतं. अर्थात त्याला त्याच्या आवाक्याबाहेर राबवलं तर हा फायदा उरत नाही. घाटात दोन माणसं घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत चढणारी 100 सीसी गाडी आणि तोच चढ तिसऱ्यात शांतपणे चढणारी 125, यांच्या पेट्रोलमध्ये फारसं अंतर राहत नाही.

चढाचाही हिशोब करून बघू. गाडी, चालवणारा आणि मागे बसलेलं माणूस मिळून 250 किलो धरा. शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी 40 ने जायचं तर नुसतं वजन वर उचलायला सव्वादोन अश्वशक्ती लागतात. दहा मीटर चढ असेल तर साडेतीनच्या वर. सपाटीवरचा विरोध यात मिळवायचाच आहे. म्हणजे एकट्याने सपाटीवर जाताना भरपूर वाटणारी ताकद डबलसीट घाटात पुरी पडते, पण फारशी उरत मात्र नाही.

इथे माहितीपत्रकातला एक आकडा नीट वाचायला हवा. तो म्हणजे टॉर्क, इंजिनाचा फिरवण्याचा जोर. तो किती आणि इंजिनाच्या किती फेऱ्यांना मिळतो, दोन्ही महत्त्वाचं. होंडा शाइन 125 आणि स्प्लेंडर या दोन्ही गाड्यांच्या सिलिंडरचा व्यास 50 मिलिमीटरच आहे. पण स्प्लेंडरचा पिस्टन 49.5 मिलिमीटर वरखाली जातो, तर शाइनचा 63.1. या लांब स्ट्रोकमुळे 97.2 चे 123.9 सीसी होतात. दोन्हींचा कमाल टॉर्क मिनिटाला 6000 फेऱ्यांनाच मिळतो, पण स्प्लेंडरचा 8.05 न्यूटन-मीटर आणि शाइनचा 11. सिग्नलवरून निघताना किंवा चांदणी चौकाच्या चढाला खालचा गिअर न टाकता गाडी ओढली जाते ती या फरकामुळे. लोक ज्याला पिकअप म्हणतात तो हाच. रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 चा 27 न्यूटन-मीटर टॉर्क तर 4000 फेऱ्यांनाच मिळतो. म्हणूनच ती गाडी इतकी निवांत वाटते. पण तिचं वजन 195 किलो आहे आणि शहरात त्या वजनाची किंमत दर सिग्नलला मोजावी लागते.

ती किंमत किती? ताशी 40 चा वेग घेतलेल्या 182 किलोंमध्ये सुमारे 11 हजार ज्यूल गतिज ऊर्जा साठते. ब्रेक मारला की ती सगळी ब्रेकच्या उष्णतेत संपते आणि पुन्हा नव्याने मिळवावी लागते. इंजिनाची कार्यक्षमता 20 टक्के धरली तर एका थांब्याचं पेट्रोल पावणेदोन मिलिलिटर. क्लासिकवर तोच माणूस बसला तर अडीच मिलिलिटरच्या थोडं वर. एका फेरीत 40 वेळा थांबावं लागत असेल तर 70 मिलिलिटर विरुद्ध 100. सिंहगड रस्त्यावर सकाळी नऊला गेलेल्या कुणालाही 40 हा आकडा अतिशयोक्तीचा वाटणार नाही. सततच्या गर्दीत ॲव्हरेज कोसळतं त्याचं हे मूळ आहे, आणि म्हणून गर्दीतल्या माणसाने सीसीच्याही आधी गाडीचं वजन बघावं. हलकी गाडी पार्किंगमध्ये मागे ओढताना, सोसायटीच्या उतारावर वळवताना आणि चिखलात कलंडू लागली तर सावरतानाही उपयोगी पडते. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकणं याच सदरात येतं. सीटची उंची 785 मिलिमीटर आणि 825 मिलिमीटर यांतला फरक कागदावर चार सेंटीमीटरचा असतो, पण बेताच्या उंचीच्या माणसाला उभ्या गाडीवर तो लगेच जाणवतो.

खड्ड्यांचा प्रश्न चाकाच्या व्यासाशी बांधलेला आहे. 18 इंची रिमवर 80/100 चा टायर असलेलं मोटरसायकलचं चाक बाहेरून सुमारे 62 सेंटीमीटर भरतं. 10 इंची चाकाच्या स्कूटरचं भरतं 43 च्या आसपास. 30 सेंटीमीटर रुंदीच्या खोल खड्ड्यात मोटरसायकलचं चाक भूमितीप्रमाणे चार सेंटीमीटर खाली जातं, स्कूटरचं सहा. शिवाय लहान चाक समोरच्या कडेवर जास्त उभ्या कोनात आदळतं. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरलेला असतो आणि दिसतच नाही, तेव्हा हे दोन सेंटीमीटर मनगटाला आणि पाठीला कळतात. ज्यांच्या वाटेत रस्त्याचं काम कायमच चालू आहे, त्यांनी स्कूटरची सोय बाजूला ठेवून मोटरसायकलचा विचार करावा तो मुख्यतः याकरता.

ब्रेकबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण इथे आपल्याकडे एक घातक समजूत पक्की बसली आहे. ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, पडशील’ असं गाडी शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने सांगितलेलं असतं. ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं. माणसासकट गुरुत्वमध्य जमिनीपासून 65 सेंटीमीटरवर आणि दोन चाकांतलं अंतर सव्वा मीटर धरलं, तर जोरात थांबताना एकूण वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा मागच्या चाकावरून पुढच्यावर जातो. मागचं चाक हलकं होतं आणि हलकं चाक रस्ता धरत नाही. ते लगेच लॉक होऊन, म्हणजे फिरायचं थांबून, घसरतं. कोरड्या डांबरावर ताशी 50 च्या वेगातून दोन्ही ब्रेक नीट वापरून थांबायला 16-17 मीटर लागतात. फक्त मागचा ब्रेक दाबला तर त्याच वेगाला 35 मीटरपर्यंत अंतर लागू शकतं. मधल्या या अठरा मीटरमध्ये एखादी रिक्षा आडवी येते किंवा मूल रस्ता ओलांडायला धावतं.

पुढच्या ब्रेकने पडायला होतं ते ओल्या रस्त्यावर, वाळूवर किंवा वळणावर चाक लॉक झाल्यामुळे. फिरतं चाक गाडीला सरळ ठेवतं आणि वळवूही देतं. लॉक झालेलं चाक यातलं काहीच करत नाही. एबीएस ही ब्रेकमधली यंत्रणा नेमकं हेच टाळते. चाकाचा वेग एकाएकी घसरतोय हे सेन्सरला कळलं की सेकंदात अनेकदा ब्रेकचा दाब सोडून-धरून ते चाक फिरतं ठेवतं. एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या 125 सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पायाच्या सवयीवर तो चांगला उतारा आहे, पण चाक लॉक होणं तो थांबवत नाही. कोकणात, घाटमाथ्यावर किंवा मुंबईत पावसाचे चार महिने गाडी चालवणाऱ्याने बजेट ताणून का होईना एबीएसची गाडी घ्यावी. अलॉय व्हील, डिजिटल मीटर, ब्लूटूथ यांवरचे पैसे वाचवून हे करता आलं तर जरूर करावं.

इंधनाबद्दल दोन गोष्टी. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. म्हणजे मिश्रणाच्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. ॲव्हरेज थोडं उतरलं तर लगेच इंजिन खोलायला देऊ नये. जुनी गाडी घेताना मात्र ती 20 टक्के इथेनॉलसाठी बनवलेली आहे का, हे कंपनीच्या पुस्तकात बघावं, कारण इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या आणि सील खराब करतं. दुसरी गोष्ट सीएनजीची. बजाजने जुलै 2024 मध्ये पुण्यात आणलेल्या फ्रीडम 125 मध्ये दोन किलो सीएनजी आणि दोन लिटर पेट्रोल बसतं. रोजचं अंतर मोठं असेल आणि वाटेवर सीएनजीचा पंप असेल तर खर्चाचा हिशोब तिच्या बाजूने जातो. पंपावरची रांग आणि 150 किलोच्या आसपासचं वजन तेवढं गृहीत धरावं.

आणि जाणं-येणं मिळून रोज पाच-सहा किलोमीटरच असेल तर? इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. थंड इंजिन जास्त पेट्रोल घेतं, सायलेन्सरमधलं, धूर शुद्ध करणारं उत्प्रेरक तापलेलं नसल्यामुळे जास्त घाण धूर सोडतं आणि ऑइलमध्ये पाणी व पेट्रोल साचत जातं. इतक्या जवळच्या कामासाठी, घराशी चार्जिंगची सोय असेल तर, विजेची गाडी भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सरस ठरते. मोटर विजेतला 80 टक्क्यांहून जास्त भाग कामाला लावते, सिग्नलला काहीच खात नाही आणि बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या वेळी थोडी ऊर्जा बॅटरीत परत येते.

टेस्ट राइड घेताना शोरूमच्या समोरच्या सपाट रस्त्यावर एकट्याने चक्कर मारून येण्यात अर्थ नाही. घरचं एक माणूस सोबत न्यावं, मागे बसवावं आणि जवळपासचा एखादा चढ गाठावा. ताशी 25-30 ला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून हळूहळू ॲक्सिलरेटर पिळावा. धक्के न देता ती चढली तर रोजच्या कामाला ते इंजिन पुरेसं आहे. उतरताना, मागेपुढे कुणी नाही असं बघून, दोन्ही ब्रेक एकत्र दाबून ती किती सरळ थांबते ते पाहावं. मग मागे बसलेल्या माणसाला विचारावं, पाय कुठे ठेवले, साडीगार्ड पुरतं का, खड्ड्यात सीट लागली का. शेवटी गाडी बंद करून, तिच्यावर बसल्या बसल्या, पायांनी ती मागे ढकलत पार्किंगमध्ये लावून बघावी.