गोळी रोजचीच का? गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल आमच्या मेडिकलमधून

आमच्या काउंटरवर सगळ्यात हळू आवाजात मागितलं जाणारं औषध म्हणजे गर्भनिरोधक गोळी. दुकानात दुसरं कुणी असलं की बऱ्याच ताई आधी डोकेदुखीची गोळी घेतात, तो माणूस पायऱ्या उतरला की पुढे होतात आणि म्हणतात, "ती गोळी द्या ना." अडचण अशी की "ती गोळी" या नावाखाली चार वेगवेगळी औषधं मागितली जातात: रोजची गोळी, ७२ तासांची गोळी (संबंधानंतर तेवढ्या वेळात घ्यायची), पाळी पुढे ढकलायची गोळी आणि गर्भपाताची गोळी. एकीचं काम दुसरीने होत नाही. रोजच्या गोळीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून हा कागद मुख्यतः तिच्यासाठी.

माला-डी किंवा माला-एनचं पाकीट हातात घेऊन बघा. २८ गोळ्या असतात, त्यातल्या २१ पांढऱ्या. प्रत्येक पांढऱ्या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मि.ग्रॅ. आणि इथिनिल इस्ट्राडायोल ०.०३ मि.ग्रॅ. अशी दोन हार्मोन्स असतात. उरलेल्या ७ गडद रंगाच्या गोळ्या नुसत्या लोहाच्या. रक्त वाढावं आणि रोज गोळी घ्यायची सवय मोडू नये, एवढंच त्यांचं काम.

दर महिन्याला मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी अंडाशयाला निरोप धाडते, मग अंडाशयात एक स्त्रीबीज पिकतं आणि बाहेर पडतं. गोळीतल्या हार्मोन्समुळे हा निरोप जातच नाही. बीज बाहेर पडत नाही, त्यामुळे गर्भ राहायचा प्रश्न येत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, शुक्राणूंना वर जाणं कठीण होतं, आणि गर्भाशयाचं अस्तरही पातळ राहतं. गडद गोळ्यांच्या आठवड्यात जो रक्तस्राव होतो तो हार्मोन थांबल्यामुळे होतो. म्हणूनच तो कमी असतो आणि पोटही कमी दुखतं. "अंगावरचं कमी जातंय, म्हणजे घाण आत साठतेय का?" असं फार जणी विचारतात. काही साठत नाही. अस्तरच पातळ असतं, तर जाणार काय?

आता मुद्द्याचं. अंडाशयाला पुरतं शांत करायला सलग ७ दिवस गोळी लागते. आणि गोळी बंद झाली की साधारण सातच दिवस ते तसं राहतं, मग पुन्हा कामाला लागतं. लोहाच्या गोळ्यांचा आठवडा म्हणजे हीच सूट, पुरती वापरून झालेली. त्यामुळे सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे नवीन पाकीट उशिरा सुरू करणं. मधली एखादी गोळी चुकली म्हणून ताई घाबऱ्याघुबऱ्या येतात, पण माहेरी गेले होते, पाकीट संपलं, तीन दिवसांनी नवीन घेतलं, हे सहज सांगून जातात. खरी काळजी तिथे करायला हवी. गडद गोळ्या सुरू झाल्या की पुढचं पाकीट घरात आणून ठेवा, आणि शेवटच्या गडद गोळीच्या दुसऱ्याच दिवशी ते उघडा, पाळी सुरू असली तरी.

एक पांढरी गोळी चुकली तर आठवताक्षणी घ्या आणि त्या दिवसाची नेहमीच्या वेळी घ्या. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. सलग दोन किंवा जास्त चुकल्या तर एक लगेच घ्या, पुढे रोजच्याप्रमाणे चालू ठेवा आणि ७ दिवस निरोध वापरा. शेवटच्या पांढऱ्या आठवड्यात असं झालं तर गडद गोळ्या सोडून थेट नवीन पाकीट लावा. पहिल्याच आठवड्यात झालं असेल आणि संबंध आले असतील तर ७२ तासांची गोळी लागू शकते, लगेच विचारा. गडद गोळी चुकली तर काहीही बिघडत नाही. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या.

पहिलं पाकीट पाळी सुरू झाल्यापासून ५ दिवसांच्या आत लावलं तर गोळी लगेच लागू पडते. त्यानंतर लावलं तर पहिले ७ दिवस निरोध हवा. रात्रीच्या जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी जाणवते. सुरुवातीचे दोन-तीन महिने मधेच डाग पडू शकतात, तेवढ्यावरून गोळी सोडू नका.

सासूबाई सांगतात की गोळ्यांनी पुढे मूल होत नाही. त्यांची भीती काळजीपोटी असते, पण तसं होत नाही. गोळी बंद केल्यावर बहुतेकींचं बीज एक ते तीन महिन्यांत पुन्हा तयार व्हायला लागतं. शिवाय १९६० साली अमेरिकेत पहिली गोळी आली तेव्हा तिच्यात इस्ट्रोजेन (इथिनिल इस्ट्राडायोल ज्या जातीचं आहे ते हार्मोन) ०.१५ मि.ग्रॅ. होतं. आजच्या गोळीत ते ०.०३ आहे.

तरीही ही गोळी सगळ्यांसाठी नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पीत असेल, रक्तदाब जास्त असेल, पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असेल, पस्तिशीनंतर धूम्रपान असेल, तर ही गोळी मागू नका, डॉक्टरांकडे जा. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन किंवा फिटची काही औषधं चालू असतील तर गोळीचा जोर कमी पडतो, ते आम्हाला आधी सांगा. गोळी सुरू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, धाप लागली किंवा एकदम दिसेनासं झालं, तर वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.

अंगावर पाजणाऱ्या ताईंना छाया चालते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी हार्मोनची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. वार मात्र ठरलेलाच हवा.

७२ तासांची गोळी बीज बाहेर पडणं लांबवते, म्हणून जितकी लवकर तितकी चांगली. राहिलेला गर्भ तिने पडत नाही आणि पुढच्या संबंधांना तिचं संरक्षण नाही. गौरी-गणपतीच्या आधी ज्या पाळी लांबवायच्या गोळ्या मागितल्या जातात, त्यांवर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नका. गर्भपाताच्या गोळ्या आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, कितीही ओळख असली तरी. चुकीच्या वेळी घेतल्या तर जिवावर बेततं.

माला-एन आणि छाया उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. आशाताईंनाही विचारा. फुकट मिळत असेल तर तिथूनच घ्या, आम्हाला वाईट वाटणार नाही. आमच्याकडे विचारायचं असेल तर दुपारी या, गर्दी नसते. बोलायला अवघड वाटलं तर चालू पाकीट सोबत आणा आणि कुठली गोळी राहिली त्यावर नुसतं बोट ठेवा. पुढचं आम्ही सांगू.