निषिद्ध नगरीचे वास्तुछायाचित्रण

बीजिंगच्या मध्यभागी असलेल्या मिंग आणि छिंग सम्राटांच्या राजवाड्याची वास्तू आणि सजावट कॅमेऱ्यात टिपण्याची पद्धत. मिंग घराण्यातल्या युंगलो सम्राटाच्या आज्ञेने १४०६ ते १४२० या काळात हा राजवाडा उभा राहिला. सुमारे ७२ हेक्टरांच्या या आवारात २४ सम्राट नांदले. १९२५ मध्ये त्याचे संग्रहालय झाले आणि १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याची नोंद झाली.

इथली सजावट नुसती शोभेची नाही, तिच्यावरून इमारतीचा हुद्दा कळतो. कौलांचा पिवळा रंग सम्राटाचा आणि हिरवा राजपुत्रांच्या निवासाचा. वनयुआनगे या ग्रंथालयावर मात्र काळी कौले आहेत. काळा रंग पाण्याचा मानला जाई आणि पुस्तकांना धाक आगीचा होता. मोठ्या दरवाजांवर सोनेरी गोळ्यांच्या नऊ ओळी असतात, ओळीत नऊ गोळे, एकूण ८१. पूर्वेच्या दोंगह्वामन दरवाजावर ते ७२च आहेत.

छपराच्या उतरत्या कोपऱ्यांवर चिनी मातीच्या प्राण्यांची रांग बसवलेली असते. सर्वांत पुढे पक्ष्यावर स्वार झालेला एक देवपुरुष, मागे ड्रॅगन, फिनिक्स, सिंह, घोडा वगैरे. मुळात उतारावरची कौले घसरू नयेत म्हणून ठोकलेल्या खिळ्यांवरची ही झाकणे. पुढे त्यांची संख्या दर्जानुसार ठरली. तायहोदियान या मुख्य दरबारी सभागृहावर दहा प्राणी आहेत. छियानछिंगगोंग या सम्राटाच्या महालावर नऊ, उपराण्यांच्या महालांवर पाच. मोजताना पुढचा स्वार आणि शेवटचे शिंगवाले मोठे डोके धरायचे नसते. नवखा माणूस हमखास इथेच चुकतो. फोटोत ही रांग नीट मोजता आली नाही, तर रंग कितीही देखणे असोत, अभ्यासाच्या दृष्टीने तो वाया गेला. त्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स लागते आणि थोडे लांबच उभे राहावे लागते, कारण छपराच्या पायाशी गेले की कडेआड सगळे लपते.

प्रकाशाचे गणित राजवाड्याच्या मांडणीतच आहे. मुख्य इमारती दक्षिणाभिमुख आहेत, प्रेक्षकही दक्षिणेच्या वूमन दरवाजातून शिरून उत्तरेकडे सरकतात. त्यामुळे दिवसाचा बराच वेळ ऊन पाठीशी असते. दर्शनी भाग उजळ येतो, पण सपाट. मागे वळून पाहिले तर तीच छपरे उन्हाच्या विरुद्ध काळीभोर दिसतात आणि प्राण्यांची रांग आकाशावर कोरल्यासारखी स्पष्ट होते.

खरी पंचाईत वळचणीखाली होते. खांब आणि भिंती लाल, पण छज्जाखालच्या तुळया आणि एकावर एक रचलेल्या लाकडी तोड्या निळ्या-हिरव्या रंगात, वर सोन्याच्या ड्रॅगनांची नक्षी. सावलीतला हा थंड रंग आणि वरची तळपती पिवळी कौले एकाच चौकटीत धरली की एक काळे पडते नाहीतर दुसरे पांढरेफटक होते. उन्हाळ्यात दुपारी छज्जाची सावली थेट दारांवर उतरते. हिवाळ्यात ऊन तिरपे येते, खालच्या संगमरवरी चौथऱ्यावरून उजेड वर परततो आणि तुळयांवरची नक्षी उलगडते. पाऊसही इथे उपयोगी पडतो: मोठ्या तीन दालनांच्या तीन थरांच्या चौथऱ्याला हजारावर ड्रॅगनमुखे आहेत आणि जोराच्या सरीत ती सगळी पाणी ओकतात.

या वास्तूची पद्धतशीर छायाचित्रे प्रथम १९०१ मध्ये निघाली. परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर परकीय फौजा शहरात होत्या, त्या वेळी जपानी छायाचित्रकार ओगावा काझुमासा वास्तुतज्ज्ञ इतो चूता यांच्याबरोबर आत गेले. त्यांच्या चित्रांत अंगणाच्या फरसबंदीतून गवत माजलेले दिसते. आजच्या झाडलेल्या, दुरुस्त केलेल्या राजवाड्यापेक्षा हा पुरावा कितीतरी बोलका आहे. नावांच्या पाट्याही अशाच काळ सांगतात. आतल्या महालांवर चिनी आणि मांचू (छिंग राजघराण्याची मूळ भाषा) अशा दोन्ही लिपी आहेत, बाहेरच्या दरबारी दालनांवर आता फक्त चिनी.

बहुतेक दालनांत पाऊल टाकता येत नाही, उंबऱ्याबाहेरूनच डोकवायचे. त्यामुळे सिंहासनावरच्या छताच्या कोरीव पोकळीत वेटोळे घालून बसलेला ड्रॅगन पाहुण्याच्या फोटोत क्वचितच पुरा येतो. आत फ्लॅश चालत नाही आणि ड्रोनला मनाई आहे. छपरांचा समुद्र हवा असेल तर उत्तरेच्या दरवाजातून बाहेर पडून समोरची चिंगशान टेकडी चढावी. तिथून नजर दक्षिणेकडे जाते, म्हणून भर दुपारी ऊन डोळ्यांवर येते. उतरत्या उन्हात कौलांची ओळन्‌ओळ उठून दिसते.

ईशान्य भागातल्या नऊ ड्रॅगनांच्या भिंतीचे तोंड उत्तरेला असल्याने ती बहुतेक वेळ सावलीत असते, आणि चकाकी टाळण्यासाठी हे बरेच आहे. २७० रंगीत तुकडे जोडून केलेल्या या भिंतीत डावीकडून तिसऱ्या, पांढऱ्या ड्रॅगनच्या पोटाजवळ पाहावे. भट्टीतला तुकडा फुटला म्हणून कारागिराने रातोरात लाकडाचा कोरून बसवला आणि रंगवून वेळ निभावली, अशी गोष्ट सांगतात. आता रंग उडाला आहे आणि समोरून काढलेल्या साध्या फोटोतही तो मंद तुकडा ओळखू येतो.