हिब्रू होम आणि ज्यूइश होम: न्यूयॉर्कमधल्या दोन संस्था, दोन वेगळी मुळं

न्यूयॉर्क शहरात ज्यू समाजाने वृद्धांसाठी उभ्या केलेल्या दोन जुन्या ना-नफा संस्था आहेत, ‘हिब्रू होम’ आणि ‘ज्यूइश होम’. मराठीत दोन्ही नावांचा अर्थ एकच निघतो, त्यामुळे एकीचा इतिहास सर्रास दुसरीच्या खात्यावर लिहिला जातो.

ज्यूइश होम थोरली. 1848 मध्ये बनै जेशुरुन या सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या) बायकांनी एक मदत मंडळ काढलं, त्यात हॅना लिओ पुढे होत्या. त्याच मंडळाने 1870 मध्ये वृद्धाश्रम उघडला. पुढे त्याचं नाव पडलं ‘होम फॉर एज्ड अँड इन्फर्म हिब्रूज’. गोंधळाचं मूळ इथेच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत ‘ज्यू’ म्हणण्यापेक्षा ‘हिब्रू’ म्हणणं सभ्य समजत, म्हणून आजच्या ज्यूइश होमच्या जुन्या नावात ‘हिब्रू’ शब्द आहे. जुन्या जनगणनेत किंवा मृत्युपत्रात हे नाव दिसलं की लोक थेट हिब्रू होमकडे चौकशी करतात आणि रिकाम्या हाताने परततात.

कारण हिब्रू होमचा जन्मच 1917 चा. हार्लेममध्ये तेव्हा ज्यूंची मोठी वस्ती होती. बेघर म्हाताऱ्यांना रात्रीचा आसरा मिळावा म्हणून तिथल्या एका सिनेगॉगने दार उघडलं. 1951 मध्ये संस्था ब्राँक्सच्या रिव्हरडेल भागात, हडसन नदीकाठी गेली. ती जागा आधी कृष्णवर्णीय मुलांच्या अनाथाश्रमाची होती. कागदपत्रं तपासताना साधा आडाखा धरावा: नोंद 1917 च्या आधीची असेल तर ती या हिब्रू होमची असूच शकत नाही, आणि 1951 च्या आधीच्या नोंदीत पत्ता रिव्हरडेलचा नसणार. देशात इतरत्रही हिब्रू होम नावाच्या संस्था आहेत, म्हणून नावाआधी पत्ता बघावा.

पुढची वाटचालही वेगळी. ज्यूइश होमचा ओढा वैद्यकाकडे राहिला. अमेरिकेत वृद्धांच्या वैद्यकाला वेगळी शाखा म्हणून फारसं कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा तिथे डॉ. फ्रेडरिक झेमन म्हाताऱ्या शरीराचा स्वतंत्र अभ्यास करत होते. 2006 पासून संस्था गरीब वस्त्यांमधल्या शाळकरी मुलांना रुग्णसेवेचं प्रशिक्षण देऊ लागली. वृद्धसेवेत कर्मचारी टिकत नाहीत, हे दुखणं जगभरचं आहे. त्यावर याहून मुळाशी जाणारा उपाय आमच्या पाहण्यात नाही.

हिब्रू होमने मात्र रस्त्यावरच्या माणसाला आत घ्यायचा मूळ धर्म सोडला नाही. 2005 मध्ये तिथे वाइनबर्ग सेंटर सुरू झालं, घरच्यांकडून छळ किंवा लुबाडणूक होणाऱ्या वृद्धांसाठी. नेहमीच्या महिला आश्रयगृहात व्हीलचेअर, इन्सुलिन, डायपर, स्मृतिभ्रंश यांची सोय नसते, मग अशा आजीला कुणी घेत नाही. इथे त्यासाठी वेगळी इमारत बांधली नाही. नर्सिंग होममधलीच (म्हणजे आजारी वृद्धांच्या निवासातलीच) खोली द्यायची, बाकीच्या रहिवाशांसारखीच. शेजारच्या खोलीतल्याला कळतही नाही की ही बाई मुलाच्या मारापासून वाचून आली आहे. नर्स आणि औषधं तिथे असतातच, त्यात वकिलाची जोड मिळते. रात्रीच्या देखभालीचा उपक्रमही याच संस्थेने काढला. स्मृतिभ्रंशाचे काही रुग्ण दिवस मावळला की अस्वस्थ होतात आणि रात्रभर जागतात. गाडी त्यांना संध्याकाळी घेऊन यायची, जेवण आणि गाणी-खेळ व्हायचे, सकाळी घरी सोडायची. घरच्यांना झोप मिळायची. अनेकदा म्हाताऱ्याला कायमचं आश्रमात ठेवायची वेळ येते ती घरच्यांच्या जागरणांमुळेच.

आता दोघींची नावंही बदलली आहेत. ज्यूइश होमचं ‘द न्यू ज्यूइश होम’ झालं, तर हिब्रू होमची मूळ संस्था ‘रिव्हरस्प्रिंग’ नावाने चालते. परवान्यावर मात्र जुनं नाव राहिलेलं असू शकतं. म्हणून सरकारी गुणांकन शोधताना रस्त्याचा पत्ता टाकावा: मॅनहॅटनमधला पश्चिम 106 वा रस्ता ज्यूइश होमचा, रिव्हरडेलमधली पॅलिसेड अव्हेन्यू हिब्रू होमची.

दोन्हीकडे पैशाचा प्रश्न आला की आणखी एक जुळी जोडी समोर येते, मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आणि मेडिकेड (कमी मिळकतीच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य मदत). दोन्ही 1965 च्या एकाच कायद्यातल्या. मूळ मेडिकेअर रुग्णालयानंतरची तात्पुरती शुश्रूषा देते, एका आजारपणात जास्तीत जास्त 100 दिवस. त्यातले पहिले 20 पूर्ण, पुढच्या प्रत्येक दिवसाला रुग्णाचा वाटा. कायमच्या मुक्कामाचा खर्च तुटपुंज्या मिळकतीच्या माणसासाठी मेडिकेड उचलतं, पण अर्जाआधीच्या 60 महिन्यांत मालमत्ता कुणाच्या नावावर केली का, हे तपासून. सगळ्यात जास्त लोक फसतात ते रुग्णालयात. मेडिकेअरला आधी सलग 3 दिवसांची भरती लागते. पेशंट तीन रात्री खाटेवर असतो, पण कागदावर ‘ऑब्झर्वेशन’ लिहिलेलं असतं आणि ते दिवस मोजले जात नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं: भरती केलं आहे की नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं आहे?