गांधीलमाशीची चुकलेली वेळ

'द ग्रीन हॉर्नेट', म्हणजे हिरवी गांधीलमाशी, हा सिनेमा अमेरिकेत १४ जानेवारी २०११ रोजी लागला, तेव्हा जाणत्यांना तारखेवरूनच शंका आली असणार. हॉलिवूडमध्ये जानेवारी हा ज्या सिनेमांवर स्टुडिओचाच फारसा भरवसा नसतो त्यांचा महिना. मुळात तो २०१० च्या उन्हाळ्यात यायचा होता. मग नाताळ ठरला आणि तोही टळला. मधल्या काळात चित्रीकरण झालेल्या सिनेमाला थ्रीडीचा चष्मा चढवला गेला. सेथ रोगन नायक, मिशेल गाँड्री दिग्दर्शक, खलनायक म्हणून नुकताच ऑस्कर घेऊन आलेला क्रिस्टोफ वाल्ट्झ. एवढं सगळं असूनही पडद्यावर जे दिसलं ते दोन तासांची थट्टामस्करी आणि अधूनमधून मोटारींची मोडतोड.

पण हे पात्र सिनेमापेक्षा पंचाहत्तर वर्षांनी मोठं, आणि त्याचा जन्म रेडिओवरचा. डेट्रॉइटच्या डब्ल्यूएक्सवायझेड केंद्रावर ३१ जानेवारी १९३६ रोजी त्याचा पहिला भाग वाजला. केंद्राचे मालक जॉर्ज ट्रेंडल आणि लेखक फ्रॅन स्ट्रायकर यांनी आधी 'लोन रेंजर' हा मुखवटेधारी घोडेस्वार नायक गाजवला होता, आणि नव्या नायकाला त्याच घराण्यात बसवलं: ब्रिट रीड हा लोन रेंजरच्या पुतण्याचा मुलगा. दिवसा 'डेली सेंटिनल' या वर्तमानपत्राचा मालक, रात्री मुखवटा. खुबी अशी की पोलीस आणि जनता दोघंही त्याला गुंडच समजतात, आणि त्यालाही तेच हवं असतं. (गांधीलमाशीच्या कार्यक्रमाला संगीत मात्र रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकॉव्हच्या भुंग्यावरच्या रचनेचं!) त्यानंतर तीनच आठवड्यांत वर्तमानपत्रांत फँटम अवतरला. तो पुढे इंद्रजाल कॉमिक्समधून 'वेताळ' होऊन मराठी घरांत शिरला. चित्रकथेला भाषा बदलता येते. रेडिओवरच्या आवाजाला ते जमलं नाही, म्हणून हॉर्नेट आपल्याकडे कुणाच्या लहानपणात नाही.

रीडचा सोबती काटो. सुरुवातीला तो जपानी होता, पुढे फिलिपिनो झाला, १९४० च्या युनिव्हर्सलच्या सिनेमालिकेत कोरियन. जगाच्या राजकारणाप्रमाणे नोकराचा पासपोर्ट बदलत गेला.

१९६६ साली एबीसी वाहिनीवर निर्माते विल्यम डोझियर यांनी हॉर्नेटची मालिका केली. याच डोझियरांनी त्याच वर्षी 'बॅटमॅन' आणला होता: भडक रंग, ठोशागणिक पडद्यावर उमटणारे 'पाव' आणि 'झॅप', सगळा फार्स. हॉर्नेट मात्र त्यांनी गंभीरपणे करायचं ठरवलं. लोकांना तेव्हा हसायचं होतं. २६ भागांत मालिका गुंडाळली.

उरला तो काटो, कारण त्या भूमिकेत ब्रूस ली होता. लाँग बीचच्या १९६४ च्या कराटे स्पर्धेतल्या प्रात्यक्षिकामुळे त्याचं नाव डोझियरांपर्यंत पोहोचलं होतं. त्याचे हात इतके वेगात चालत की कॅमेऱ्यासाठी त्याला 'जरा सावकाश' असं सांगावं लागे. बॅटमॅनच्या एका भागात काटोने बॅटमॅनचा जोडीदार रॉबिनकडून हरायचं असं ठरलं होतं. लीला ते मान्य नव्हतं, आणि सामना बरोबरीत सोडवावा लागला. हाँगकाँगमध्ये तर लोक मालिकेला 'काटो शो' म्हणू लागले. ली गेल्यावर १९७४ मध्ये तिचेच भाग जोडून सिनेमा केला गेला, तोही लीच्या लोकप्रियतेवर.

१९९० च्या दशकात युनिव्हर्सलने नव्या सिनेमाचं मनावर घेतलं आणि तिथून घोंगडं भिजत पडलं. जॉर्ज क्लूनी नायक ठरला होता, तो 'द पीसमेकर' हा सिनेमा करायला निघून गेला. गाँड्रीचं नाव १९९७ मध्येच पुढे आलं होतं, पण ते बारगळलं. मग मिरामॅक्स स्टुडिओकडून दिग्दर्शक केव्हिन स्मिथ, तेही फिसकटलं. शेवटी सोनीने हक्क घेतले आणि रोगनने इव्हान गोल्डबर्गबरोबर पटकथा लिहायला घेतली. हाँगकाँगचा स्टीफन चाऊ दिग्दर्शन करून काटोही साकारणार होता. आधी त्याने दिग्दर्शन सोडलं, मग भूमिकाही. दिग्दर्शनाची खुर्ची फिरून २००९ मध्ये गाँड्रीकडेच आली आणि काटो झाला तैवानचा गायक जे चाऊ.

इथेच माझ्या मते वेळ पुन्हा चुकली. २००८ मध्ये 'द डार्क नाइट' या बॅटमॅनपटाने मुखवटेधाऱ्यांना कमालीचं गंभीर करून टाकलं होतं, आणि हॉर्नेट नेमका आता विनोदी झाला. १९६६ च्या बरोब्बर उलट. खरं तर विनोदाची कल्पना वाईट नव्हती: मालक बिनकामाचा, सगळं करणारा काटोच. हाँगकाँगच्या प्रेक्षकांनी चाळीस वर्षांपूर्वी ओळखलेली हीच गोष्ट. पण पटकथा रोगनचीच, त्यामुळे बोलण्याचा वाटाही त्याचाच मोठा. काटो चमकतो तो मारामारीत आणि कॉफीच्या यंत्रापाशी. सुमारे १२ कोटी डॉलर खर्चून जगभरातून २२-२३ कोटींची तिकिटं खपली. त्यातला मोठा हिस्सा चित्रपटगृहांचा. दुसरा भाग निघाला नाही.

पुढे हक्क पॅरामाउंटकडे गेले, तिथेही काही घडलं नाही. २०२० मध्ये युनिव्हर्सलने नव्याने घोषणा केली तेव्हा प्रस्तावित सिनेमाचं नाव होतं 'द ग्रीन हॉर्नेट अँड काटो'.