ऑनलाइन जाहिरातीवरून जुनी गाडी घेताय? पैसे देण्याआधी हे वाचा

गाडी तपासायला आणणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतात. इंजिन बिघडलं तर दुरुस्त करता येतं. भलत्याच्या खात्यात गेलेले पैसे परत मिळवणं मात्र फार अवघड. म्हणून या पत्रकात आधी माणूस, कागद आणि पैसे, आणि मग गाडी.

नियम एकच धरा. गाडी, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव असलेला मालक आणि मूळ आरसी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर असल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. टोकनही नाही. "दुसरं गिऱ्हाईक वाटेतच आहे" असं कुणी म्हणालं, तर त्याला खुशाल घेऊ द्या.

"मी लष्करात आहे, बदली झालीय"

ॲक्टिव्हा किंवा बुलेट बाजारभावाच्या जवळपास निम्म्या किमतीत दिसते. विक्रेता लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये असल्याचं सांगतो. न मागताच व्हॉट्सॲपवर ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, गणवेशातला फोटो आणि आरसी पाठवतो. ही कागदपत्रं दुसऱ्याच कुणाची तरी असतात किंवा बनावट असतात. गाडी पाहायला येतो म्हटलं की उत्तर ठरलेलं: "कॅम्पात सिव्हिलियनला सोडत नाहीत, आर्मी ट्रान्सपोर्टने घरपोच पाठवतो." आधी दोन-तीन हजार भाडं मागतात. मग पॅक केलेल्या गाडीचा फोटो आणि शिक्का मारलेली पावती येते. त्यानंतर जीएसटी, विमा, गेटपास, उशीर झाल्याचा दंड, आणि प्रत्येक रक्कम "गाडी मिळाली की परत". आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो, आणि सगळा डाव त्यावरच चालतो. शेवटी "रिफंड"साठी क्यूआर कोड येतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही की पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. लोकांनी विकलेल्या गाड्या घरपोच देण्याची कोणतीही सेवा लष्कर चालवत नाही.

गाडी खरी, मालक खरा, तरी पैसे गेले

हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण गाडी प्रत्यक्ष पाहिल्यावर आपण निर्धास्त होतो. भामटा एखाद्या खऱ्या मालकाची जाहिरात उचलतो आणि तेच फोटो कमी किंमत लावून स्वतःच्या नंबरने टाकतो. तुम्हाला सांगतो, "गाडी माझ्या मेव्हण्याकडे आहे, बघून या, पण त्याच्याशी किमतीचं बोलू नका, घरात वाद आहे." मालकाला सांगतो, "माझा माणूस गाडी बघायला येतोय, त्याच्यापुढे व्यवहार काढू नका." दोघंही गप्प राहतात. गाडी पसंत पडते, तुम्ही फोनवरच्या नंबरला पैसे पाठवता आणि मालक आपल्या पैशांची वाट बघत बसतो. यावर उपाय सोपा आहे. गाडीपाशी जो उभा आहे, त्यालाच मोठ्याने विचारा: "गाडी कुणाच्या नावावर? किती रुपयांना ठरली? पैसे कुणाच्या खात्यात?" पैसे फक्त आरसीवरच्या नावाच्या बँक खात्यात टाका. पाठवण्याआधी ॲपवर दिसणारं नाव आरसीशी पडताळा.

आरसी आणि चेसिस नंबर

आरसीच्या फोटोवर विसंबू नका. मालकाला त्याच्याच मोबाईलवर, तुमच्यासमोर, डिजिलॉकरमध्ये आरसी उघडायला सांगा. शिवाय परिवहनच्या वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून इंधन, नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, फिटनेस आणि कर्जाची नोंद बघा. गाडी "फर्स्ट ओनर" म्हणून दाखवली आणि नोंदीत तिसरा मालक निघाला, तर तिथेच थांबा.

मग गाडीवरचा चेसिस नंबर शोधा. मोटारसायकलला तो हँडलखालच्या मानेवर असतो. कारला बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली जमिनीवर सापडतो. पांढरा कागद त्यावर धरून पेन्सिल आडवी घासा, ठसा उमटेल. आरटीओच्या कामाला लागणारी चेसिस प्रिंट हीच. हा ठसा आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा. आकडे वरखाली असतील, एखाद्याची खोली वेगळी असेल किंवा भोवती घासल्याच्या, वेल्डिंगच्या, ताज्या रंगाच्या खुणा असतील, तर ती गाडी घेऊ नका. १७ अंकी चेसिस नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात. फोटोतल्या आरसीवर ती दिसली, तर कागद बनावट समजा.

कर्जाचा बोजा

"शेवटचे दोन हप्ते राहिलेत, तुमच्या पैशांतून भरून टाकतो" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. बोजा उतरल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होत नाही, आणि हप्ते थकले तर बँक गाडी ओढून नेऊ शकते. मालकाकडून बँकेचं फोरक्लोजर पत्र, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र, घ्या. त्यातली रक्कम मालकाच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरा. जमेल तर शाखेत दोघांनी मिळून जा. त्यानंतर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्यासाठीचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५, दोन प्रती. एनओसी काही दिवसांनी येते, आणि येते ती कर्जदाराच्या पत्त्यावर. म्हणून किमतीतली ठसठशीत रक्कम एनओसी हातात पडेपर्यंत अडवून ठेवा. एनओसीला साधारण तीन महिन्यांची मुदत असते, तेवढ्यात आरटीओचं काम उरका.

नावावर करणं

गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० नुसते सही करून कोरेच घेऊन "नंतर बघू" म्हणू नका. कायद्याने राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ऑनलाइन अर्जाला मालकाच्या नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो नंबर बंद असेल किंवा एजंटचा निघाला, तर काम अडकतं. व्यवहाराच्या दिवशीच तो नंबर चालू असल्याची खात्री करा आणि शक्यतो अर्जही तेव्हाच भरा. विमाही १४ दिवसांत नावावर करायचा. मालकाचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, हे किंमत ठरवताना लक्षात ठेवा. थकलेले ई-चलन गाडीच्या नंबरवर राहतात, ते मालकाकडून आधीच भरून घ्या.

परराज्यातली गाडी असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हवीच. महाराष्ट्राचा रोड टॅक्सही भरावा लागतो. दिल्ली पासिंगची डिझेल गाडी स्वस्त का वाटते, ते हा खर्च जोडल्यावर कळेल.

गाडी बघताना

रात्री किंवा पावसात बघू नका. आधी फिरवून गरम केलेली गाडीही नको. थंड इंजिन सुरू करताना निघणारा निळा धूर आणि टॅपेटचा (इंजिनाच्या वरच्या भागातला टकटक) आवाज गरम इंजिनात लपतो. मीटर मागे फिरवलेलं असतं, असं धरूनच चाला. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली बाजू आणि सर्व्हिस रेकॉर्ड बघा. टायरवरच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ३० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे चारही टायर गाडीपेक्षा नवे असतील, तर कारण विचारा.

पुरात बुडालेल्या गाड्या नीट धुऊन बाजारात येतात. सांगली-कोल्हापुरात २०१९ साली आणि चिपळूणला २०२१ साली अशा किती गाड्या पाण्याखाली होत्या, ते सगळ्यांनी पाहिलंय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या भागावर चिखलाची रेघ राहते. स्टेपनीचा खड्डा, सीटच्या पट्ट्यांचे गंजलेले नट आणि कार्पेटखालचा ओलसर वासही सोडू नका.

पैसे गेलेच तर

लगेच १९३० ला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पुढच्या खात्यातून पैसे निघायच्या आत कळलं, तर ते गोठवता येतात. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, समोरच्याचा नंबर, जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. चॅट डिलीट करू नका. आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवा. "थोडे भरा, सगळे सोडवून देतो" असा फोन नंतर आला, तर तोही त्याच टोळीचा समजा.