अ‍ॅनिमेशनमधला रंकाळा दर शॉटला नवा बनवत नाहीत

समजा कोल्हापुरातल्या पोरांनी ठरवलं की रंकाळ्यावर पाच मिनिटांची थ्रीडी फिल्म करायची. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे ७२०० फ्रेम, शॉट धरा ६०, आणि बहुतेक शॉटमध्ये तोच घाट, तोच संध्यामठ, तीच भेळेची गाडी. नवखा माणूस काय करतो, पहिल्या शॉटची फाईल सेव्ह अ‍ॅज करतो आणि पुढच्याला लागतो. घाट, मठ, गाडी हा सगळा सेट २ जीबीचा असेल तर १२० जीबी झाले, पण डिस्कचं एवढं काही नाही हो, खरी बोंब नंतर होते, डायरेक्टर म्हणतो मठाचा दगड जरा काळपट करा, की बसा ६० फायली उघडत, आणि त्यातली एखादी सुटतेच.

म्हणून सेटची फाईल वेगळी, एकच ठेवतात आणि शॉटच्या फाईलमध्ये फक्त तिचा पत्ता असतो. याला रेफरन्स म्हणतात. ब्लेंडर या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये याचं नाव लिंक (अपेंड केलं तर मात्र कॉपी होते, आणि मेनूत दोन्ही शेजारीशेजारी, मग घोळ होणारच).

बरं, पण एका शॉटमध्ये ती भेळेची गाडी कॅमेऱ्याच्या आड येते, दोन फूट सरकवायचीय, मग? तर शॉटच्या फाईलमध्ये तेवढा फरकच लिहायचा, गाडी इथं नाही, तिथं. मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं, कारण मूळ गाडीला हातच लागत नाही, उद्या सेटवाल्यानं तिचा रंग बदलला तर सरकवलेल्या गाडीलाही तो रंग येतो आणि जागा मात्र शॉटनं सांगितलेलीच राहते. आपल्याकडं नाटक कंपन्या महालाचा एकच पडदा कितीतरी प्रवेशांना वापरायच्या, बाबूराव पेंटर सिनेमाआधी असलेच पडदे रंगवायचे, पण पडद्यावरचा खांब एका प्रवेशापुरता सरकवायची सोय नव्हती. पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओनं २०१६ला सगळ्यांसाठी खुलं केलेलं यूएसडी (युनिव्हर्सल सीन डिस्क्रिप्शन, म्हणजे थ्रीडी सीन लिहून ठेवायची पद्धत) याच फरक लिहायच्या कल्पनेवर उभं आहे, एकावर एक लेयर, आणि दोन लेयर वेगवेगळं सांगायला लागले तर कुणाचं ऐकायचं याचे पक्के नियम.

झाडांचं गणित तर अजून मजेशीर. एका झाडाचा आकार मेमरीत एकदाच ठेवायचा, बाकीच्यांसाठी फक्त जागा, फिरवणं आणि लहानमोठेपणा सांगणारे १६ आकडे. एक आकडा ४ बाइटचा धरला तर झाडामागं ६४ बाइट, म्हणजे तो एक मूळ आकार सोडला तर १०,००० झाडं ६ लाख ४० हजार बाइटमध्ये बसली, मोबाइलवरचा एक फोटो सहज याच्यापेक्षा मोठा असतो! हे इन्स्टन्सिंग. फक्त एखाद्याच झाडाची फांदी मोडायची असेल तर ते झाड त्यातून वेगळं काढावं लागतं.

कॅमेरा हलत नसेल तर मागचा घाट एकदाच रेंडर करून, म्हणजे थ्रीडीवरून त्याचं चित्र काढून घेऊन, कॅरेक्टर वर बसवता येतं, पण त्याची सावली पायऱ्यांवर पडते, प्रतिबिंब पाण्यात दिसतं, ते वेगळं काढून जोडायला लागतं. कॅमेरा चालायला लागला की ही युक्ती संपली.

आणि एक धोका आहे. सगळे एकाच सेटला जोडलेले, म्हणजे रात्री कुणी सेटमधला दिवा उजळ केला की ओके झालेला शॉट सकाळी वेगळाच दिसणार. म्हणून ओके शॉटला सेटचं ठरावीक व्हर्जन बांधून टाकतात, १२ म्हणजे १२च, मग १३ आलं तरी ते कुठल्या शॉटला द्यायचं हे कुणीतरी बसून ठरवल्याशिवाय तिकडं जात नाही.